चावडीवर न लागलेली नोटीस : महाराष्ट्रातील संकेतस्थळबंदीचा इतिहास

एखादे संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा त्यामागे दोन अगदी वेगळ्या जातींची कारणे असू शकतात. तार तुटलेली असते, राऊटर बिघडलेला असतो किंवा त्या संकेतस्थळाचा संगणकच बंद पडलेला असतो, ही झाली बिघाडाची कारणे. आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने, शासनाच्या किंवा न्यायालयाच्या आदेशावरून अथवा स्वतःच्या चुकीने, त्या स्थळाकडे जाणारी वाट अडवलेली असते, हे झाले बंदीचे कारण. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला मात्र दोन्ही वेळा बहुधा एकच दृश्य दिसते : फिरत राहणारे चक्र आणि अखेरीस संपर्क होऊ शकला नाही असे सांगणारी एक ओळ. भारतातील संकेतस्थळबंदीचा इतिहास कायद्यांच्या आणि निकालांच्या अंगाने अनेकदा सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो एका साध्या प्रश्नाच्या अंगाने पाहिला आहे : बंदी झाल्याचे वाचकाला कळवण्याची रीत आपल्याकडे कशी होती, ती कोठे हरपली, आणि ती नसल्यामुळे बिघाड कोणता व बंदी कोणती हे ओळखण्याचे काम राहात्यासारख्या गावातील ग्राहकावर कसे येऊन पडले.

चावडी आणि राजपत्र

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील राहाता हे नगर–मनमाड रस्त्यावरचे गाव एके काळी कोपरगाव तालुक्यात मोडत असे. आता ते स्वतः तालुक्याचे ठिकाण असून सहकारी साखर कारखान्यामुळे देशभर नाव झालेले लोणी, २०१७ च्या शेतकरी संपाची सुरुवात जेथून झाली ते पुणतांबे आणि शिर्डी ही गावे याच तालुक्यात येतात. शिर्डीत येणारा भाविक द्वारकामाईबरोबर ज्या वास्तूचे दर्शन घेतो आणि जेथे साईबाबा एक दिवसाआड रात्रीचा मुक्काम करीत, ती वास्तू म्हणजे गावची चावडी. चावडी म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांनी आणि पुढे तलाठ्याने गावाचे दप्तर सांभाळण्याची, सारा गोळा करण्याची आणि सरकारी हुकूम गावाला ऐकवण्याची जागा. दवंडी गावभर फिरत असे, आणि तिच्यातून कळलेले कागदावर पाहायचे असेल त्याने चावडीवर जावे अशी रीत होती.

ही रीत पुढे कायद्यातही उतरली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे जमिनीच्या हक्कातील बदलाची, म्हणजे फेरफाराची, नोंद तलाठ्याने घेतली की त्याच वेळी तिची प्रत चावडीत ठळक ठिकाणी लावावी लागते आणि ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना लेखी कळवावे लागते. कोणी हरकत घेतली तर ती वेगळ्या नोंदवहीत टिपून तिची पोच द्यावी लागते आणि हरकतीचा निर्णय झाल्यावाचून नोंद प्रमाणित करता येत नाही. राहात्यातील पेरूची बाग असो की पुणतांब्यातील उसाचे रान, त्याच्या मालकाला या व्यवस्थेने एक आश्वासन दिलेले आहे : ज्याच्या हक्काला धक्का लागणार आहे त्याला ते कळेल, ते कोणी व कशाच्या आधारे केले हे वाचता येईल, आणि त्याचे म्हणणे मांडायला एक जागा असेल.

छापील मजकुराच्या बंदीतही हेच सूत्र, कठोर रूपात का होईना, टिकून होते. १८७८ च्या देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या कायद्याने संपादकाला न्यायालयात दाद मागण्याची सोय ठेवली नव्हती आणि त्यामुळेच तो सर्वाधिक निंदेस पात्र ठरून काही वर्षांतच रद्द झाला. १९१० च्या प्रेस कायद्याने मराठी नियतकालिकांचा आणि ग्रंथांचा मोठा संहार केला. तरीही त्या कायद्याखाली मुद्रित साहित्य सरकारजमा करायचे तर प्रांतिक सरकारला आपली कारणे नमूद करून राजपत्रात अधिसूचना काढावी लागे, आणि बाधित व्यक्तीला दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येई. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील ९५ व ९६ ही कलमे याच वळणाची होती, आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम आहे. सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथावर १९०९ मध्ये तो वाचकांच्या हाती पडण्यापूर्वीच बंदी आली, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९१० मध्ये बंद झाले. या बंद्या अन्याय्य होत्या, पण त्या आहेत हे सर्वांना ठाऊक होते. पुस्तक दुकानात नाही याचा अर्थ ते संपले आहे की जप्त झाले आहे, असा संभ्रम वाचकाच्या मनात राहत नसे. इंटरनेटवरील बंदीत हा संभ्रम प्रथमच निर्माण झाला.

एकच वेस

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेड या सरकारी कंपनीने सुरू केली. तिचे मुख्यालय मुंबईत होते आणि परदेशाशी होणाऱ्या दूरसंचाराचा मक्ताही तिच्याकडेच होता. त्यामुळे देशातील ग्राहकाची प्रत्येक मागणी तिच्याच वेशीतून बाहेर जात असे. गावाला वेस एकच असेल तर ती बंद करायला एक अडसर पुरतो. १९९८ मध्ये इंटरनेटवरून दूरध्वनी करण्याची सोय देणारी काही संकेतस्थळे निगमाच्या जाळ्यातून उघडेनाशी झाली. आंतरराष्ट्रीय दूरध्वनीचे उत्पन्न ज्या संस्थेला मिळत होते तिच्याच हाती ही वेस असल्यामुळे या बंदीला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. पुढच्याच वर्षी, १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या लढाईच्या काळात कराचीच्या ‘डॉन’ या दैनिकाचे संकेतस्थळ भारतातून दिसेनासे झाले. ग्राहकांना तशी नोटीस पडद्यावर दाखवली गेली नव्हती. ते स्थळ अन्य मार्गांनी उघडते हे पाहून ही बंदीच आहे असा निष्कर्ष जाणकारांनी काढला. बंदीचे निदान करण्याची कला या प्रसंगांतून आकाराला आली.

१९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने मिळू लागले, १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम स्थापन झाला, २००२ मध्ये विदेश संचार निगमाचे खासगीकरण झाले आणि जानेवारी २००५ पासून भारत संचार निगमाची ब्रॉडबँड सेवा दूरध्वनीच्या तारेवरून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचू लागली. २०१६ नंतर स्वस्त मोबाइल डेटाने आणि केबलचालकांनी घरोघर नेलेल्या फायबरने चित्र पुन्हा पालटले. वेशी अनेक झाल्या, तशी प्रत्येक वेशीवर आदेश पोहोचवण्याची आणि तो पाळला गेला की नाही हे पाहण्याची गरज निर्माण झाली. आणि प्रत्येक कंपनी तो आपल्या कुवतीनुसार व समजुतीनुसार पाळू लागली.

त्याचा परिणाम सप्टेंबर २००३ मध्ये दिसला. मेघालयातील एका बंडखोर संघटनेशी जोडलेला ‘किनहुन’ नावाचा याहूवरील एक लहानसा गट रोखण्याचा आदेश निघाला. एकच गट निवडून अडवण्याचे साधन कंपन्यांपाशी नव्हते, म्हणून त्यांनी याहूची संपूर्ण गटसेवाच अडवली आणि देशभरातील हजारो गटांच्या सभासदांचा काही दिवस परस्परांशी संपर्क तुटला. जुलै २००६ मध्ये हीच गोष्ट महाराष्ट्राच्या अधिक जिव्हारी लागली. ११ जुलैला मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. दोन दिवसांनी दूरसंचार विभागाने सुमारे दीड डझन पाने व स्थळे रोखण्याचा आदेश काढला, आणि कंपन्यांनी ती पाने ज्यांवर होती त्या ब्लॉगस्पॉटसारख्या सेवाच बंद केल्या. मुंबईकर एकमेकांना माहिती आणि धीर देण्यासाठी ज्या साधनांचा आधार घेत होते त्यांतले एक त्याच आठवड्यात नाहीसे झाले. नुकतेच बाळसे धरू लागलेले मराठी ब्लॉगलेखनही बहुतांशी अशाच मोफत सेवांवर उभे होते. गदारोळ झाल्यावर विभागाने फक्त नेमकी पाने रोखा असे बजावले आणि सेवा पूर्ववत झाल्या.

कायदा आणि त्यातील मौन

माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला तेव्हा त्यात संकेतस्थळे रोखण्याची स्पष्ट तरतूद नव्हती. ती २००८ च्या दुरुस्तीने कलम ६९-अ म्हणून आली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्यांना चिथावणी रोखणे, या कारणांसाठी केंद्र सरकार लेखी कारणे नोंदवून बंदीचा आदेश देऊ शकते, आणि तो न पाळणाऱ्या कंपनीच्या जबाबदार व्यक्तीला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याच वर्षीच्या नियमांत मजकुराचा कर्ता किंवा तो साठवणारी संस्था यांचा शोध घेऊन किमान ४८ तासांची नोटीस देण्याची तरतूद आहे. परंतु सोळाव्या नियमाने तक्रार, मागणी आणि त्यावरील कारवाई या सर्वांबाबत कडक गोपनीयता पाळण्यास सांगितले. वाचकाला कळवण्याचा उल्लेख त्या नियमांत कोठेच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात याच अधिनियमाचे कलम ६६-अ रद्द केले, ज्या कलमाचा वापर नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींच्या अटकेत झाल्याने महाराष्ट्र हादरला होता. कलम ६९-अ मात्र न्यायालयाने वैध ठरवले, आणि त्याचे एक कारण असे दिले की आदेशाची कारणे लेखी असल्यामुळे त्यांना रिट याचिकेद्वारे आव्हान देता येते. हा युक्तिवाद योग्य आहे. पण जो आदेश कोणाला दाखवलाच जात नाही त्याला आव्हान देणे अतिशय अवघड असते. चावडीत प्रत लागल्याखेरीज हरकत येणार कोठून, हा महसूल कायद्याने सोडवलेला प्रश्न येथे तसाच उरला.

वाट अडवण्याचे चार प्रकार

बंदीचे निदान समजण्यासाठी तिची यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे. संकेतस्थळाचे नाव माणसांसाठी असते. यंत्रे अंकी पत्त्याने, म्हणजे आयपी पत्त्याने, एकमेकांना ओळखतात. नावावरून पत्ता सांगणारी जी यादी जगभर विखुरलेल्या संगणकांवर ठेवलेली असते तिला डीएनएस म्हणतात आणि तिची रचना १९८३ मध्ये झाली. ग्राहकाचा राऊटर बहुधा आपल्याच कंपनीच्या डीएनएसला पत्ता विचारतो. तेव्हा पत्ता न सांगणे किंवा खोटा पत्ता सांगणे हा बंदीचा पहिला आणि सर्वांत स्वस्त प्रकार. अशा वेळी पत्ताच सापडत नाही असा संदेश येतो किंवा ग्राहक भलत्याच पानावर पोहोचतो.

दुसऱ्या प्रकारात अंकी पत्ताच अडवला जातो. एका पत्त्यावर अनेक संकेतस्थळे नांदत असल्यामुळे एकाबरोबर शेजारच्या निरपराध स्थळांचीही वाट बंद होते. लक्षण असे, की पान बराच वेळ ताटकळते आणि मग वेळ संपल्याचा संदेश येतो. तिसऱ्या प्रकारात कंपनीचे यंत्र मागणीतील संकेतस्थळाचे नाव वाचून मध्येच स्वतःचे पान पुढे करते. बंदीची सूचना दिसण्याची शक्यता येथेच सर्वाधिक असते. परंतु ग्राहक आणि संकेतस्थळ यांच्यातील देवाणघेवाण कुलूपबंद करणारी एचटीटीपीएस ही पद्धत २०१० नंतरच्या दशकात सर्वत्र पसरली आणि असे पान मध्ये घुसवणे जवळपास अशक्य झाले. त्यातून चौथा प्रकार पुढे आला. कुलूप लागण्यापूर्वीच्या पहिल्या निरोपात संकेतस्थळाचे नाव बहुधा उघडे असते, त्याला एसएनआय म्हणतात. ते वाचून जोडणी तत्काळ तोडली जाते आणि ग्राहकाला जोडणी तुटली एवढेच दिसते. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये भारतातील एका मोठ्या जाळ्यात ही पद्धत वापरात असल्याचे दाखवले, आणि निरनिराळ्या कंपन्यांनी रोखलेल्या स्थळांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत हेही त्यांच्या चाचण्यांतून उघड झाले. ग्राहकाच्या खासगीपणाचे रक्षण करणाऱ्या कुलपामुळेच बंदीची पाटी लावण्याची जागा आक्रसली, ही या इतिहासातील मोठी अडचण आहे.

येथे आणखी एक गुंता आहे. गावातील केबलचालक मोठ्या कंपनीकडून इंटरनेट घेतो आणि ती कंपनी तिच्याहून मोठ्या कंपनीकडून. या साखळीत वरच्या कडीने घातलेली बंदी खालच्या प्रत्येक कडीला भोगावी लागते. २०१२ मध्ये टोरोंटोच्या सिटिझन लॅब या संशोधनसंस्थेने असे दाखवले, की भारतीय जाळ्यातून इंटरनेट घेणाऱ्या ओमानमधील ग्राहकांनाही भारतात बंद असलेली पाने दिसत नव्हती. जी बंदी समुद्र ओलांडते ती राहात्याच्या केबलचालकाला कोणत्याही आदेशाशिवाय गाठू शकते. त्यामुळे आपल्याकडे काहीच बंद केलेले नाही हे त्याचे उत्तर प्रामाणिक असूनही अपुरे ठरते.

मुंबईच्या न्यायालयांतील दोन धडे

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून आणि मुंबईच्या महानगर दंडाधिकारी न्यायालयाच्या आदेशाच्या आधारे देशभर ३२ संकेतस्थळे रोखली गेली. कारण दहशतवादी प्रचाराचे होते; पण यादीत संगणक प्रणाली लिहिणाऱ्यांचे गिटहब, चित्रफितींचे व्हिमिओ आणि जुन्या ग्रंथांचे व संकेतस्थळांचे अर्काइव्ह डॉट ऑर्ग हे भांडारही होते. वर्षाच्या अखेरीस आपले काम अचानक का थांबले हे प्रणालीलेखकांना ठाऊक नव्हते. काही स्थळे जानेवारीच्या आरंभी मोकळी झाली. अर्काइव्हवर हीच वेळ ऑगस्ट २०१७ मध्ये पुन्हा आली. हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने अडीच हजारांहून अधिक स्थळे रोखण्याचा जो आदेश दिला त्याच्या यादीत त्याचे नाव होते. एकोणिसाव्या शतकातील कितीतरी दुर्मीळ मराठी पुस्तकांच्या प्रती या भांडारात आहेत. चित्रपटाच्या रक्षणासाठी ग्रंथालयाचे दार लागावे, यातील नुकसान मराठी अभ्यासकाला अधिक स्पष्टपणे जाणवते.

दुसरा धडा आशेचा आहे. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयापुढे अज्ञात प्रतिवादींविरुद्ध, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘जॉन डो’विरुद्ध, सरसकट बंदीची मागणी आली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संपूर्ण संकेतस्थळे रोखण्यास सहज मान्यता न देता, नेमक्या दुव्यांची पडताळणी करून ती शपथेवर सांगण्यास निर्मात्यांना भाग पाडले, आणि रोखलेल्या पानाच्या जागी कोणत्या कायद्याखाली, कोणत्या न्यायालयाच्या कोणत्या दाव्यातील आदेशाने ही बंदी आहे व ती चुकीची वाटल्यास तक्रार कोठे करावी, हे सांगणारी सूचना दाखवण्याची अपेक्षा व्यक्त केली. त्याच सुमारास पडद्यावर दिसणाऱ्या एका सूचनेत नुसते पान पाहणेही तीन वर्षांच्या शिक्षेस पात्र असल्याचा समज पसरवणारा मजकूर होता. ऑगस्ट २०१६ च्या अखेरीस न्यायालयाने स्पष्ट केले, की चोरटी प्रत केवळ पाहणे हा स्वामित्वहक्क कायद्याखालील गुन्हा होत नाही. फेरफाराच्या नोटिशीत जे असते तेच येथे मागितले गेले : आदेशाचा क्रमांक, अधिकार आणि हरकतीची जागा. योगायोग असा, की त्याच वर्षी फेब्रुवारीत इंटरनेटचे तांत्रिक मानक ठरवणाऱ्या संस्थेने कायदेशीर कारणाने रोखलेल्या पानासाठी ४५१ हा स्वतंत्र संकेतक्रमांक प्रसिद्ध केला होता. पुस्तके जाळणाऱ्या राज्याची कथा सांगणाऱ्या रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ मधील कादंबरीच्या नावातून तो आकडा घेतला आहे.

निदानाची रीत

पाटी लागलेली नसते तेव्हा ग्राहकाला स्वतःच शोध घ्यावा लागतो, आणि गेल्या पंचवीस वर्षांत या शोधाची एक क्रमवार रीत तयार झाली आहे. प्रथम इतर संकेतस्थळे उघडतात का हे पाहायचे. तीही उघडत नसतील तर दोष जोडणीत आहे, किंवा शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याने मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात अनुभवली तशी संपूर्ण इंटरनेट सेवाच थांबवली गेली आहे. मग तेच स्थळ दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर उघडून पाहायचे. दोन सिमकार्डांचा फोन हे राहात्यातील सर्वांत हाताशी असलेले परीक्षण-यंत्र आहे. दुसऱ्या कंपनीवर ते उघडले तर स्थळ जिवंत आहे हे सिद्ध होते, आणि आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या गावातील ग्राहकालाही ते दिसत नसेल तर घरचा राऊटर निर्दोष ठरतो. त्यानंतर निराळ्या डीएनएसला पत्ता विचारून दोन्ही उत्तरे ताडून पाहायची आणि संदेशाचे शब्द, दिनांक व वेळ पडद्याच्या चित्रासह जपून ठेवायची. हा पुरावा हाती असला की ‘नेट स्लो असेल, राऊटर बंद करून चालू करा’ या नेहमीच्या उत्तरापुढे जाता येते.

पुढची पायरी तक्रारीची. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार कंपनीला तक्रार क्रमांक द्यावा लागतो आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. तेथे एकच प्रश्न लेखी विचारावा : ही बंदी आदेशावरून आहे काय, आणि असल्यास कोणत्या? कलम ६९-अ खालील आदेशाबाबत कंपनी गोपनीयतेकडे बोट दाखवू शकते, पण चित्रपटांच्या दाव्यांतील न्यायालयीन आदेश उघड अभिलेखाचा भाग असतात आणि त्यांचा दावा क्रमांक देण्यास ती अडचण नसते. चिकाटीचे फळ कसे मिळते हे व्हीएलसी या मोफत चित्रफीत-प्रणालीच्या उदाहरणातून दिसते. ती तयार करणाऱ्या फ्रान्समधील व्हिडिओलॅन या संस्थेचे संकेतस्थळ २०२२ च्या आरंभापासून भारतातील अनेक जाळ्यांत उघडेनासे झाले. माहितीच्या अधिकारात विचारणा केली असता संबंधित मंत्रालयाने आपल्याकडे माहिती नसल्याचे कळवले. ऑक्टोबरमध्ये संस्थेने कायदेशीर नोटीस पाठवून आदेशाची प्रत मागितली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली.

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात इंटरनेट सेवा थांबवण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत असा दंडक घातला, कारण अज्ञात आदेशाविरुद्ध दाद मागता येत नाही. एका जिल्ह्याची सेवा थांबवताना जे तत्त्व लागू होते तेच एका संकेतस्थळाला लागू व्हायला हवे. काही बंद्या आवश्यक असतात आणि देशाच्या सुरक्षिततेपुढे प्रत्येक तपशील उघड करता येणार नाही, हे मान्य करूनही, अमुक स्थळ अमुक कायद्याखाली रोखले आहे एवढे वाचकाला सांगण्याने कोणतेही गुपित फुटत नाही. कुलूपबंद जोडणीत पाटी लावता येत नसेल तर रोखलेल्या स्थळांची सार्वजनिक यादी ठेवता येते आणि कंपनीला तक्रारीच्या उत्तरात आदेशाचा क्रमांक देण्यास बांधून घेता येते. असे करण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. राज्याच्या भूमी अभिलेख विभागाने फेरफाराच्या नोटिसा इंटरनेटवर पाहण्याची सोय केली आहे आणि तिला ‘आपली चावडी’ असेच नाव दिले आहे. गुंठाभर जमिनीच्या नोंदीत बदल होताना राहात्याचा शेतकरी ज्या पडद्यावर त्याची नोटीस वाचतो, त्याच पडद्यावर एखादे ग्रंथालय का दिसत नाही याचेही उत्तर त्याला वाचता आले पाहिजे.